करंगळी आत वळते त्याची गोष्ट

गेल्या दिवाळीनंतर मिरजेत एका तबलजींना पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्याखाली पुन्हा पुन्हा वाजवायची धून, धरायला बसलो होतो. झपताल, साधाच लेहरा, वीस वर्षं धरतोय, आणि मध्येच उजव्या हाताची करंगळी आपोआप तळव्याकडं वळायला लागली. दुखत अजिबात नव्हतं. घरी आलो, चहाचा कप धरला, शर्टाची बटणं लावली, सगळं व्यवस्थित, फक्त पेटीवर हात ठेवला की करंगळी आत. मला वाटलं रियाज कमी पडतोय, म्हणून दोन तासाचा चार तास केला आणि त्यानं अजूनच बिघडलं.

मिरजेत डॉक्टरांची काय कमी, तीन ठिकाणी दाखवलं, एक्सरे नॉर्मल. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं पेटीच घेऊन या, आणि केबिनमध्ये वाजवायला लावलं. फोकल डिस्टोनिया म्हणाले. हाडं, सांधे ठीक असतात, पण तीच ती बारीक हालचाल वर्षानुवर्षं करून काही जणांच्या मेंदूकडून बोटांना जाणारा हुकूमच चुकायला लागतो. आणि निघताना म्हणाले, लिऑन फ्लायशर म्हणून एक पियानोवादक होते, शोधून ऐका.

त्या रात्री सांगलीत आमच्या गच्चीवर बसून दोन वाजेपर्यंत ऐकलं आणि वाचलं.

जन्म 1928, सॅन फ्रान्सिस्को. नऊ वर्षांचा असताना आर्थर श्नाबेलकडं शिकायला गेला. आता बघा, श्नाबेलचे गुरू लेशेटित्स्की, त्यांचे चेर्नी आणि चेर्नीचे गुरू साक्षात बीथोवन. आपल्याकडं याला घराणं म्हणतात, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही. 16व्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य आणि अख्खा ऑर्केस्ट्रा यांची रचना, 1952 ला ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, मग संचालक जॉर्ज सेल आणि त्यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर बीथोवन-ब्राम्सची ती रेकॉर्डिंग्ज. मला पाश्चात्त्य संगीतातलं फारसं कळत नाही, पण त्यातला सूर कुठंही घाई करत नाही एवढं नक्की कळतं.

आणि 1964 मध्ये, वय 36, उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळायला लागली. त्यानंही माझ्यासारखंच केलं, रियाज वाढवला. त्याच्या आजाराला नाव मिळायलाच कितीतरी वर्षं गेली, मला काही महिन्यांत मिळालं. जीव द्यायचा विचारसुद्धा मनात आला होता, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलंय. ते वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

पुढं 1990 च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी बोटं सैल झाली, 2004 ला 'टू हँड्स' नावाची रेकॉर्ड आली, सगळे त्याच पुनरागमनाबद्दल लिहितात. मला मात्र मधली तीस वर्षं महत्त्वाची वाटतात. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विट्गेनस्टाइनसाठी राव्हेलनं फक्त डाव्या हाताचा कॉन्चेर्टो लिहिला होता, तो हा वाजवत राहिला. ऑर्केस्ट्राचं संचालन करायला लागला. आणि बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीत विद्यालयात शिकवत राहिला, आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन असे पियानोवादक त्याच्या हाताखालून गेले. आधी तो शिष्याला बाजूला सरकवून स्वतः वाजवून दाखवायचा, हात गेल्यावर तेच शब्दांत सांगायला लागलं, आणि त्यामुळं आपण जास्त चांगले शिक्षक झालो असं तो म्हणायचा.

हे वाचल्यावर माझ्या क्लासमधली पोरं डोळ्यासमोर आली. मी आजवर करायचो काय, हे असं बघ म्हणून वाजवून दाखवायचो, पोरगं नक्कल करायचं, झालं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीवर निघतच नाही तर तिचा भास कुठल्या स्वरावर किती थांबून द्यायचा, हे मी कधी तोंडानं सांगितलंच नव्हतं! आता सांगायला बसलो तर मलाच नवीन नवीन दिसतंय.

सतारमेकर गल्लीतल्या एका काकांकडं पेटी नीट करायला टाकली होती, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग डाव्यानं वाजव की, भाता उजव्यानं मार." साधी गोष्ट, हात दमला की कितीतरी पेटीवाले थोडा वेळ तसं करतात, मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

इंजेक्शन मीही घेतलंय एकदा, तीन-चार महिने असर राहतो म्हणतात, थोडा फरक आहे. फ्लायशरचाही आजार पूर्ण गेला नव्हता, इंजेक्शनं घेत घेतच वाजवत राहिला, 2020 ला 92 व्या वर्षी गेला.

परवा गुरुवारच्या भजनाला डाव्या हातानं बसलो. संथ अभंग तेवढे घेतले, द्रुतला माझ्याच क्लासमधल्या पोरीला बसवलं. तिनं तिसऱ्या कडव्याला निषादावर एवढुसं थांबून षड्ज घेतला, मी तोंडानं सांगितलं होतं अगदी तसा.