मैदान संपलं, स्टेशन संपेना

आज सातवीला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक शिकवायचं होतं. फळ्यावर '१०९ मीटर लांब' लिहिलं, कुणाला काहीच वाटलं नाही. मग सुतळी आणि टेप घेऊन सगळी वरात बाहेर. ८० मीटरलाच आमचं मैदान संपलं, पुढे कुंपण आणि शेजाऱ्यांचा ऊस!

"बाई, एवढं धूड वर नेलं कसं?"

तुकड्या-तुकड्यांनी. १९९८ मध्ये पहिला भाग गेला, मग ४०हून जास्त उड्डाणांत एकेक जोडत गेले.

'तिथं गुरुत्वाकर्षण नसतं' हे सगळ्यांना पाठ. खरं तर ४०० किलोमीटरवर ते जवळपास ९० टक्के असतं. स्थानक सतत पडतच असतं, फक्त ताशी २८ हजार किलोमीटरनं पुढे जात पडतं, म्हणून जमीन कधी लागत नाही. हे पटवताना खडू फेकून फेकून माझा हात दुखला. निम्म्यांना कळलं. उरलेल्यांना उद्या परत.

खरा दंगा झाला तो तिथे लघवीचं पाणी शुद्ध करून पुन्हा पितात म्हटल्यावर. "ईईई!" घामाचं आणि श्वासातल्या वाफेचंसुद्धा, म्हटल्यावर तर पाच मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी पोरगी म्हणाली, "बाई, आमच्याकडे मे महिन्यात टँकर आठ दिवसांनी येतो. ते मशीन केवढ्याला मिळतं?"

आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी वर आमरस नेला होता, तेही सांगायचं होतं. घंटा झाली.