पाटी

"ताई, मी पाटी घेऊन बाहेर उभा आहे. तुम्ही दिसत नाही."

आम्हीही बाहेरच होतो. पण मोपाला. ड्रायव्हरदादा दाबोळीला.

चूक माझी. हॉटेलपर्यंतची गाडी बुक करताना घाईत दाबोळी निवडलं. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यात दोन विमानतळ आहेत: मोपा पार उत्तरेला पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. मध्ये दीड तासाचा रस्ता.

मी कितीदा तरी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "पैशाचं नंतर बघू. आधी बाबांना सावलीत बसवा."

सकाळीच त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाटीचा फोटो पाठवला होता, बाबांना ओळखता यावं म्हणून. पुठ्ठ्यावर निळ्या स्केचपेननं 'श्री.' लावून बाबांचं पूर्ण नाव, खाली पट्टीनं मारलेली रेघ. काउंटरवरची टॅक्सी येईपर्यंत बाबा तो फोटो बघत बसले होते. म्हणाले, "किती निगुतीनं लिहिलंय गं."

कोलव्याला पोचल्या पोचल्या त्यांचे पूर्ण पैसे पाठवले. तरी डोळ्यांसमोरून ती पाटी जात नाही. तासभर हातात धरून उभा होता तो माणूस.

परवा परतायचंय, मोपाहूनच. त्यांनाच फोन करते. येतील ना?