अर्धी अँटेना

गाडीवरचा वायरलेस बोलेनासा झाला की सगळ्यांचा पहिला संशय टपावरच्या काडीवर, म्हणजे अँटेनावर. ती एकटीच उघड्यावर उभी असते ना! सेट डॅशबोर्डखाली, केबल मॅटिंगखाली, आणि गाडीची बॉडी तर कोणाच्या हिशेबातच नाही. माझा धंदा गाड्यांवर वायरलेस बसवण्याचा आणि बसवलेले दुरुस्त करण्याचा. आमच्याकडे येणारा माणूस काय बिघडलं ते क्वचितच सांगतो. काय बदलायचं, तेवढं सांगतो.

"काडी बदलून द्या भाऊ."

"काहून? काय झालं?"

"सगळ्यांचं ऐकू येऊन राहिलं, आपलंच कोणाला जाऊन नाही राहिलं."

या एका वाक्यात निम्मं निदान असतं, पण बोलणाऱ्याच्या ते गावीही नसतं. ऐकायला फार काही लागत नाही. समोरचा दणकून बोलत असेल तर केबलचं नुसतं टोक लोंबत असलं तरी आवाज येतो. बोलायला मात्र सगळं जागच्या जागी लागतं. ऐकू येतंय म्हणजे अँटेना चांगली, असं समजून सेट उघडणारे कारागीर मी पाहिलेत. धडधाकट सेट उघडून बंद केला की तो पुन्हा तसाच राहील याची हमी नाही.

नागपुरात हे काम येतं ते मुख्यतः खाणींमुळे. उमरेड, कामठी, सावनेर, जिकडे जाल तिकडे कोळसा. उघड्या खदानीत ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, वाहणारे डंपर इतके उंच असतात की ड्रायव्हरला पुढ्यातली जीप दिसतच नाही. म्हणून तिथे फिरणाऱ्या बोलेरो कॅम्परला उंच काठीवर झेंडा असतो, टपावर फिरता दिवा असतो आणि आत वायरलेस. झेंडा डंपरवाल्याला दिसावा म्हणून, वायरलेस तो दिसलाच नाही तर सांगता यावं म्हणून. अशी गाडी ऐकते पण बोलत नाही, म्हणजे काय, ते तिच्या ड्रायव्हरला विचारा.

इंटरनेटवर शोधायला बसलं की या विषयावर समोर येतात ते अमेरिकेतले ट्रकवाले आणि त्यांचा सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, रेडिओ. सत्तावीस मेगाहर्ट्झ, चाळीस चॅनेल, चार वॅट. तिथे १९५८ पासून हा पट्टा सर्वसामान्यांना मोकळा आहे. १९७३ साली तेलाची टंचाई झाली, तेव्हा पुढच्या कोणत्या पंपावर डिझेल मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे एकमेकांना सांगायला त्यांनी तो डोक्यावर घेतला. एकोणीस नंबरचं चॅनेल ट्रकवाल्यांचं, नऊ नंबर अडीअडचणीचं. आपल्याकडेही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्ये पाच वॅटपर्यंत परवाना लागत नाही, फक्त अँटेना सेटमध्येच बसवलेली हवी. म्हणजे टपावर काडी उभी करायची हौस तिथल्या तिथे संपली. आपल्या खाणीतल्या गाड्या रीतसर परवाना घेऊन व्हीएचएफवर, म्हणजे त्याहून बऱ्याच वरच्या पट्ट्यावर, बोलतात. पण बिघाड शोधताना त्या ट्रकवाल्यांत आणि आमच्यात काही फरक नाही. लांबी तेवढी वेगळी.

लांबीचा हिशेब सोपा आहे. सत्तावीस मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची. तिचा पाव भाग पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. नऊ फुटांची पोलादी छडी तिथे खरोखर लावतात. आपल्या रस्त्यांवर तशी छडी लावली तर पहिल्याच कडुलिंबात अडकेल, म्हणून बुडाशी तारेचं वेटोळं देऊन तिला आखूडच करावं लागेल. तिथलेही बहुतेक जण तेच करतात. व्हीएचएफची लहर दोन मीटरच्या आसपास, तिचा पाव भाग हातभर. खाणीतल्या गाड्यांवर दिसते ती हीच हातभर काडी.

आता गंमत अशी, की हा पाव भाग म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. काडीत वीज वर चढते तेव्हा तितकीच खाली पत्र्यावर पसरावी लागते. उडी मारायला पायाखाली घट्ट जमीन लागते, तसंच हे. मधोमध काडी आणि चहूबाजूंनी उघडा सपाट पत्रा, यापेक्षा चांगली जागा गाडीवर दुसरी नाही. आणि नेमकी तीच जागा मालक देत नाही. टपाला भोक पाडायचं म्हटलं की पोरीचे कान टोचताना रडला नसेल असा माणूसही डोळ्यांत पाणी आणतो. नवी गाडी, पावसात गळेल, विकताना भाव पडेल. शेवटी अँटेना जाते बंपर गार्डवर, नाहीतर आरशाच्या दांडीवर, नाहीतर कॅरियरवर. लोहचुंबकाची बसकी अँटेना हा मधला मार्ग. ती रंगावरूनही काम करते, कारण चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा पातळ थर राहून त्याचाच कंडेन्सर होतो आणि रेडिओची वीज त्यातून पार जाते. पण खाणीच्या रस्त्यावर ती सरकते, कोळशाची भुकटी खाली जाऊन बसते आणि मग चुंबकच टपावर रांगोळी काढत फिरतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेली एक कॅम्पर याच जातीची होती. तिला नवं कॅरियर बसवलं होतं. छान काळं, पावडर कोटिंग केलेलं, खाली रबराचे बूट. फिरता दिवा त्यावर हलवला आणि त्याच्या शेजारीच अँटेना. काम देखणं झालं होतं आणि त्या दिवसापासून गाडी मुकी होती. ड्रायव्हरकाकांचं म्हणणं, केबल तुटली. त्यांच्याकडे पुरावाही होता. दाराजवळची केबल हातानं हलवली की आवाज जायचा, दुसरीकडे दाबली की यायचा.

"पाहा ना, तुटेलच आहे आतून."

केबल बदलून पाहिली. नव्या केबलनंही तोच खेळ केला.

इथे एसडब्ल्यूआर मीटरची ओळख करून देतो, कारण माझ्या धंद्यात खरं बोलणारा तोच एक. सेट आणि अँटेना यांच्यामध्ये तो जोडायचा, बटण दाबायचं, आणि दिलेल्या ताकदीतली किती उलट्या पावली परत येते ते काटा सांगतो. दीड असलं तर शंभरातले चार परत. दोनला अकरा. तीनला थेट पंचवीस. तीनच्या वर बडबड करत राहिलं तर परत येणारी ताकद सेटचे आउटपुट ट्रान्झिस्टर खाते. हल्लीचे सेट शहाणे, ते जीव वाचवायला आपणच ताकद कमी करतात. त्यामुळे सेट जळत नाही आणि आवाजही पोचत नाही, मग गिऱ्हाईक म्हणतं, सेट कमजोर झाला.

या कॅम्परवर काटा तीनच्या पलीकडे. आणि केबल हलवली की काटा हलतो. इथेच बरेच जण केबलला फाशी देतात. खरं म्हणजे चांगल्या केबलला स्पर्श केल्यानं, वळवल्यानं काही होता कामा नये. तिचं काम ताकद आतल्या आत वाहून नेणं. ती हात लावताच लाजू लागली, तर समजायचं की तिच्या बाहेरच्या जाळीतूनही वीज खेळते आहे. म्हणजे अँटेनाला खाली पत्रा सापडलेला नाही, आणि ती बिचारी केबललाच आपली दुसरी अर्धी करून बसली आहे. केबल हलवली म्हणजे अँटेनाच हलवली. काटा का नाही हलणार?

मग मल्टिमीटर. एक टोक कॅरियरला, एक टोक बॉडीला. बीप वाजला. काकांच्या चेहऱ्यावर 'सांगितलं ना' असं आलं. अर्थिंग तर आहे! पण हा बीप फसवा असतो. केबलची जाळी अँटेनाच्या बुडाला लागलेली, तिचं दुसरं टोक सेटच्या पेटीला, पेटीची निगेटिव्ह बॅटरीला आणि बॅटरी बॉडीला. मीटरची वीज एवढा सगळा वळसा घालून आली आणि मीटरला वाटलं, शेजारच्या शेजारी जोड आहे. म्हणून ही तपासणी करायची तर आधी सेटच्या पाठीमागून केबल सोडायची. सोडली, आणि बीप गेला. कॅरियर आणि गाडी यांच्यामध्ये रबर होतं, पावडर कोटिंग होतं, देखणेपणा होता. फक्त नातं नव्हतं.

मल्टिमीटरची आणखी एक खोड सांगून ठेवतो. अँटेनाच्या मधल्या पिनेपासून जाळीपर्यंत बीप वाजला की शॉर्ट, असं सगळे शिकवतात. साध्या सरळ काडीला ते खरं. पण काही अँटेनांच्या बुडाशी असलेलं तारेचं वेटोळं मुद्दामच जमिनीला जोडलेलं असतं. ते मल्टिमीटरला शॉर्टच दिसणार आणि रेडिओला मुळीच दिसणार नाही. अशा चांगल्या अँटेना कचऱ्यात गेलेल्या पाहिल्या आहेत.

आणि काडी कापणं. याबद्दल माझं मत कडक आहे. एसडब्ल्यूआर जास्त दिसला की खिशातून कटर काढणारी एक जमात आहे. सीबीवाल्यांची रीत बरी: पहिल्या चॅनेलवर मोजा, चाळिसाव्यावर मोजा. चाळिसाव्यावर जास्त भरला तर काडी लांब, पहिल्यावर जास्त भरला तर आखूड. दोन्हीकडे सारखाच वाईट, तर काडीला हातही लावू नका, खोट पत्र्याच्या जोडणीत आहे. कापलेली काडी परत वाढत नाही. पॉलिश पेपर मात्र दहा वेळा मारता येतो.

कॅरियरच्या पायाखालचं कोटिंग घासून पत्रा उघडा केला, जाळीची चपटी पट्टी कॅरियरवरून टपाच्या पन्हाळीला दातेरी वॉशर देऊन आवळली, वरून ग्रीस. पट्टी आखूड आणि रुंद लागते. लांब बारीक वायर टाकली तर मल्टिमीटर खूश होतो, पण रेडिओच्या लहरींना ती वायर म्हणजे नवंच वेटोळं. काटा दीडच्या खाली आला. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांनाही हेच भोगावं लागतं. त्यांची अँटेना आरशाच्या दांडीवर, दांडी दारावर, आणि दार बिजागऱ्यांच्या ग्रीसवर तरंगत असतं. दार ते बॉडी पट्टी टाकली की रेडिओ बोलतो. केबिनच फायबरची असेल तर तीही सोय नाही, मग पत्र्याशिवाय चालणारी वेगळी अँटेना घ्यावी लागते.

नागपूरकरांना या अर्ध्या अँटेनाची थोरवी मी आकाशवाणीवरून समजावतो. १९८८ साली राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती आपल्या नागपूरहून, १५६६ किलोहर्ट्झवर, एक हजार किलोवॅटच्या ताकदीनं. रात्री देशाच्या कुठल्या कोपऱ्यात ती लागली नाही सांगा! आमच्या गाडीतला सेट पाच-पंचवीस वॅटचा. पण मध्यम लहरींच्या अशा मनोऱ्यांच्या पायाशीही तांब्याच्या तारा जमिनीत चहूकडे पुरलेल्या असतात. वरचा मनोरा लांबून दिसतो, पुरलेली तार कोणाला दिसत नाही. मेगावॅटलाही खालची अर्धी चुकत नाही, तर कॅम्परला कशी चुकेल?

पावसाळ्यात तक्रारी वेगळ्या. केबलच्या तोंडाशी टेप नीट नसला की पाणी जाळीच्या विणीतून चढत आत जातं आणि तांबं काळं पडतं. कापून पाहिलं की कळतं. असली केबल वाळवून वापरायचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालत नाही, केबल बदलतो. नागपूरच्या उन्हाळ्यात टपावरचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, त्या पत्र्यावर चिकटवलेला स्वस्त टेप मे महिन्यात पाघळतो आणि जूनमध्ये पाण्याला वाट करून देतो. वर्षाची साखळी आहे ही, आमचं दुकान तिच्यावरच चालतं.

कॅम्पर खदानीत गेली, वरच्या रस्त्यावरून काका बोलले, स्वच्छ ऐकू आलं. अगदी तळाशी गेल्यावर मात्र आवाज अडायचाच. मध्ये दगडाची भिंत आहे, तिथे चांदीची अँटेना लावली तरी तीच गत. त्याला उंचावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पुढे फेकणारा सेट, लागतो, हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी ते बिलाच्या संदर्भात ऐकलं.

"म्हणजे तुम्ही फक्त पट्टीच लावली?"

"हो."

"पट्टीचे एवढे?"

"पट्टीचे थोडेच. कुठे लावायची त्याचे बाकीचे."

त्यांनी वाकून कॅरियरखाली पाहिलं. काळ्या झकपक कोटिंगवर घासलेला पांढरा डाग त्यांना अजिबात आवडला नाही. काडीकडे पाहिलं, हातभरच. मग म्हणाले, "काडी जराशी मोठी लावून द्या ना भाऊ. म्हणजे झेंडा पण तिलेच बांधून टाकू, वेगळी काठी काहून पाहिजे?"