बी-२७५ चा डायनामो आणि माझे सतरा दिवस

जुन्या ट्रॅक्टरचं चार्जिंग बंद पडलं असेल तर डायनामो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) काढून दुकानात नेण्याआधी एवढं वाचा. माझे सतरा दिवस त्यात गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचा महिंद्रा बी-२७५ आबांनी सेकंडहँड घेतलेला. मूळ मॉडेल इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलं. १९६३ साली महिंद्रानं त्यांच्याबरोबर कंपनी काढली आणि पुढं ते इथं बनायला लागलं. त्यामुळं यात आल्टरनेटर नाही, डायनामो आहे, आणि डॅशच्या मागं कटआऊटचा काळा डबा, जो डायनामोचा करंट बॅटरीकडं सोडतो आणि व्होल्टेज आवरतो. आबा गेल्यावर मी उन्हाळ्यात ट्रॅक्टर खोलून पूर्ण रंगवला. सुती वेष्टणाच्या जुन्या वायरी हात लावला की भुगा होत होत्या, त्या सगळ्या बदलल्या. वायरिंगला दोन दिवस लागले, काही अडलं नाही.

ट्रॅक्टर चालू केला आणि अँमीटरचा, म्हणजे चार्जिंग दाखवणारा, काटा शून्यावरच. लाइट लावली की मायनसमध्ये जायचा आणि रेस दिली तरी वर यायचा नाही. ३५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास. चार्जिंग नसताना बॅटरी किती टिकणार? आमच्याकडं शेतीची थ्री-फेज लाइट निम्मा वेळ रात्रीच येते. पाणी पाजायला रात्री एकला विहिरीवर जायचं तर ट्रॅक्टरला हेडलाइट हवीच.

डायनामो काढला आणि तालुक्याला वायंडिंगच्या दुकानात दिला. दुकानदारानं तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "आर्मेचर गेलंय, दादा. बदलावं लागंल." आर्मेचर म्हणजे डायनामोच्या आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग. मीटर लावला नाही, बॅटरी जोडली नाही. चार दिवसांनी फोन केला तर माल आला नव्हता. आठव्या दिवशी गेलो तर डायनामो ठेवला त्याच फळीवर, माझ्या हातानं बांधलेल्या चिंधीसकट. पुढं "सोमवारी या", मग "बाजारादिवशी या". सतराव्या दिवशी मिळाला, कार्बन नवे, आर्मेचर नवं. घरी आणून बसवला, पट्टा ताणला, चालू केला. काटा शून्यावर.

परत गेलो. "मग कटआऊट बदला. नाहीतर सरळ आल्टरनेटर टाका, जुन्याच्या नादी कशाला लागता?" ट्रॅक्टर बघायला या म्हणालो तर दुकान सोडून येता येत नाही. (हा सल्ला तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगतो: त्या काळचे बरेच ब्रिटिश बनावटीचे ट्रॅक्टर प्लस अर्थचे आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. आमचाही तसाच. त्यावर नेहमीचा मायनस अर्थचा आल्टरनेटर तसाच जोडला तर त्याचे डायोड लगेच जळतात. एलईडी दिव्यांचंही आधी बघून घ्या.)

शेवटी आमच्या गल्लीतल्या तात्यांना बोलावलं. ते एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी एक बारा व्होल्टचा बल्ब मागितला आणि दोन वायरी. डायनामोच्या दोन्ही वायरी काढल्या, डी (जिथून करंट बाहेर येतो) आणि एफ (आतल्या फील्ड कॉइलचा) हे दोन बोल्ट तारेनं एकत्र बांधले, बल्बचं एक टोक त्या तारेला, दुसरं डायनामोच्या बॉडीला. "आता चालू कर, रेस हळूच." स्लोच्या जरा वर गेला आणि बल्ब पांढरा पेटला. "बास, बंद कर. जास्त रेस दिलीस तर बल्ब उडंल. डायनामो झकास आहे."

मग वायरी परत जोडून कटआऊटच्या डी वर बघितलं. तिथंही उजेड, रेसबरोबर वाढणारा. म्हणजे करंट डब्यापर्यंत येत होता, पुढं बॅटरीकडं जात नव्हता. तात्यांनी इंजिन बंद करायला लावलं. बल्बचं एक टोक ए वर ठेवलं, जिथं बॅटरीची लाइन येते, आणि दुसरं ई वर, म्हणजे अर्थच्या टर्मिनलवर. बल्ब पेटला नाही. तेच टोक ई वरून काढून इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवलं तर लख्ख. तात्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "कलर कधी मारलास?"

ई ची काळी वायर डॅशच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली होती. तो पत्रा मीच रंगवलेला, प्रायमर आणि वर दोन हात. बोल्टच्या खाली चकचकीत लाल रंग, लोखंड कुठंच नाही. कटआऊटच्या आत जी बारीक तारेची कॉइल असते तिचा परतीचा रस्ता ई वरून आहे. तो तुटला की कॉइल पॉइंट, म्हणजे बॅटरीकडची जोडणी, ओढतच नाही आणि डायनामो कितीही फिरला तरी बॅटरीला थेंब मिळत नाही. वर त्याच डब्यातला रेग्युलेटरही काम करत नाही, म्हणून व्होल्टेज मोकाट चढतं. अशा स्थितीत ट्रॅक्टर जास्त चालवू नका, डायनामो खरंच जळेल.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली, दातेरी वायसर घातला, दहा-अकराच्या पान्यानं आवळलं. चालू करून रेस दिली. डब्यात टिक् असा आवाज आला आणि काटा प्लस आठवर गेला. मी तिथंच खाली बसलो.

हेडलाइट पिवळ्या पडत होत्या त्याचंही कारण हेच, त्यांचा अर्थ रंगवलेल्या मडगार्डमधून होता. आता दोन्हीला वेगळी अर्थ वायर थेट चेसिसवर आणली आहे. लाइट लावूनसुद्धा काटा शून्याच्या उजवीकडं राहतो.

एक राहिलं. डायनामो खोलला किंवा बॅटरीचा अर्थ उलटसुलट झाला तर बसवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, एफ ची वायर काढा आणि बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकावरून एक तार एफ ला क्षणभर टेकवा. ठिणगी दिसली की झालं. नाहीतर डायनामो उलटा करंट देऊ शकतो. बॅटरी काढण्याआधी कुठलं टोक बॉडीला होतं त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, नवी बॅटरी बसवणारे सवयीनं मायनस बॉडीला लावतात. आणि कटआऊटचं झाकण उघडलंत तर आतल्या पत्त्या वाकवू नका.

दुकानात द्यायचाच असेल तर आधी घरी पट्टा सोडून डी-एफ एकत्र करा आणि त्यांना बॅटरीची लाइन द्या. चांगला डायनामो मोटरसारखा संथ फिरतो. पाच मिनिटांचं काम आहे. आणि पार्ट बदलायला सांगितला तर जुना परत मागून घ्या. मी आमचं आर्मेचर मागायला तिसऱ्यांदा गेलो, तर ते भंगारात गेलं होतं.