उकिडवं बसणं
आमची आजी पंचाहत्तरीची, अजून उकिडवी बसून अख्खं अंगण सारवते आणि हात न टेकता उठते, आणि मी पस्तिशीचा खुर्ची-कमोडवाला, टाचा टेकवून बसायला गेलो की मागे कलंडतो. वाटायचं पोट सुटलंय म्हणून (ते सुटलंयच), पण मामला हाडापर्यंत जातो राव. हॅवलॉक चार्ल्स नावाच्या डॉक्टरने १८९३ साली पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर लिहिलं होतं, की सतत उकिडवं बसून घोट्यात पुढच्या बाजूला नडगीचं हाड खालच्या हाडाला टेकतं आणि तिथे छोट्या गुळगुळीत खुणा तयार होतात. म्हणजे सांगाडा बघून बसायची सवय कळते! आजीला सांगितलं तर म्हणाली, हाडं मेल्यावर बघ, आत्ता शेण आण.