बाबांच्या पायाची अँजिओप्लास्टी

आज बडोद्यात बाबांच्या पायाची अँजिओप्लास्टी झाली. दांडिया बाजारातून मांडवीकडे निघाले की पोटरी भरून यायची, थांबलं की दुखायचं थांबायचं. घोट्याचं बीपी दंडाच्या बीपीशी ताडून पाहिलं, गुणोत्तर ०.९ च्या खाली, म्हणजे धमनी अरुंद झालेली. जांघेत तेवढ्यापुरती भूल, तिथून बारीक नळी आत, फुगा फुगवून स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. बाबा पूर्ण वेळ जागे! अँजिओप्लास्टी म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं, पण ती सुरू झाली पायापासून: १९६४ मध्ये अमेरिकेत डॉ. डॉटर यांनी ८२ वर्षांच्या बाईंचा पाय वाचवला. हृदयाची पाळी १९७७ मध्ये आली. संध्याकाळी बाबांचं गार पडणारं पाऊल ऊबदार लागलं. खूप बरं वाटलं. तंबाखू कायमची बंद. जखम भरली की रोज कमाटी बागेत फेरी, सोबत आई.