तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी पाटी डोक्यावर घेतली

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच, कधी मेसेजमध्ये, कधी वर्कशॉप संपल्यावर चपला घालता घालता कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, काहीच सुचत नाही तेव्हा तुम्ही काय करता?" मी म्हणते, "फिरून या." मग समोरच्याचा चेहरा पडतो, त्याला वाटतं हिने कटवलं. म्हणून आज जरा नीट सांगते.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, पंधराएक वर्षं झाली. मध्यंतरी एका पुस्तकात एक आजी होती, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघालेली, बास एवढंच चित्र. चारदा काढली आणि चारही वेळा परत आली. चौथ्यांदा एडिटरने एकच ओळ लिहिली, "आजी गोड आहे, पण पाटीला वजन नाहीये." आधी राग आला, मग नीट बघितलं तर खरंच की, पाटी म्हणजे लग्नातल्या फेट्यासारखी दिसत होती. त्यानंतर सहा आठवडे रोज सकाळी टॅबलेट उघडायचे, एक रेघ मारायचे, अनडू, परत रेघ, परत अनडू, संध्याकाळपर्यंत फाईल कोरी आणि मान दगड. रेफरन्स म्हणून पाटीवाल्या बायकांचे शे-दोनशे फोटो जमवले होते, ते बघून काढलं की चित्र आणखीनच मेल्यासारखं व्हायचं.

पर्वती चढायला लागले ती काही कलेबिलेसाठी नाही, मानेसाठी. फिजिओ म्हणाली बसणं कमी करा आणि आमच्या घरापासून पर्वती जवळ, म्हणून. पायऱ्या 103 आहेत म्हणतात, माझ्या कधी 98 भरतात कधी 106, कारण मध्ये कुणीतरी काका "डाव्या बाजूने चला" म्हणून आकडा विसरायला लावतातच. पहिले दहा-बारा दिवस काहीही सुचलं नाही, नुसता दम लागला. हे मुद्दाम सांगतेय, कारण लोक दोन दिवस फिरून येतात आणि म्हणतात ताई, नाही झाला उपयोग. अहो, दोन दिवसांत तर पोटऱ्याही दुखायच्या थांबत नाहीत! मग एकदा फोन घरीच विसरला, म्हणजे कानात गाणी नाहीत, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की सकाळी सहाला कठडा गारेगार असतो, तोच उन्हाळ्यात नऊला हात ठेवू देत नाही, आणि वर पोचायच्या आत देवळातल्या उदबत्तीचा वास येतो. त्यानंतर फोन मुद्दामच विसरायला लागले.

सकाळी तिथे ट्रेकवाली मुलं भरलेल्या सॅक घेऊन प्रॅक्टिसला येतात, पाण्याच्या बाटल्या वगैरे कोंबून. एक दिवस त्यांच्याकडे बघता बघता डोक्यात आलं की मी सहा आठवडे वजन काढायचा प्रयत्न करतेय आणि दुधाच्या पिशवीपेक्षा जड काही उचललेलंच नाहीये. घरी आले, जुन्या ओढणीची चुंबळ केली, वर पाटी, पाटीत सहा किलो कांदे, आणि आमच्या पॅसेजमधून इकडून तिकडे चालले. शेजारच्या काकूंनी दार उघडलं, बघितलं, काही न बोलता दार लावलं.

पण काय सांगू, तिसऱ्या फेरीत चूक सापडली. फोटोतल्या बायका खाली बघत असतात म्हणून मी आजीची मान खाली काढली होती. सहा किलो डोक्यावर घेऊन मान खाली घालून बघा, कांदे पसरतात, माझे पसरले. मान ताठच राहते, हनुवटी थोडी आत जाते आणि नजर एकटी खाली उतरते. पावलं आखूड पडतात, पायाची बोटं फाकतात, आणि वजन डोक्यात नाही, कमरेत जाणवतं. हे सगळं त्या फोटोंमध्ये होतंच की! मला दिसत नव्हतं.

आपल्याकडे म्हण आहे ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. आपण ती 'काम सुरू करा, आपोआप जमेल' अशा अर्थाने वापरतो, मला मात्र ती आता अक्षरशः खरी वाटते. माझ्या आजीला नुसती ओवी म्हणून दाखव म्हटलं की दुसऱ्या ओळीला अडायची. मग बसल्या जागी खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवायची आणि पुढची ओळ यायची. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. एक लाख! आणि त्या बायकांपैकी कुणी सुचायची वाट बघत कोऱ्या कागदासमोर बसली नव्हती, पीठ पाडायचं होतं.

ज्यांना म्हणीवर भागत नाही त्यांच्यासाठी, 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या दोघा संशोधकांचा अभ्यास आला होता, बसून विचार करणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी 60 टक्के जास्त सुचल्या, तेही कोऱ्या भिंतीकडे तोंड केलेल्या ट्रेडमिलवर. म्हणजे टेकडीच पाहिजे असं नाही (मला पाहिजे). पण ज्याचं उत्तर एकच असतं अशा कोड्यांमध्ये चालणारे उलट किंचित मागे पडले. तेव्हा जीएसटीचा हिशोब घरी बसूनच करा.

गुडघे गेलेत ताई, असंही बरेच जण लिहितात. मग कसब्यात तांबट आळीत जाऊन थोडा वेळ नुसते उभे राहा. ठोकून ठोकून तांबं कडक होत जातं, मग ते भट्टीत तापवून परत मऊ करतात, आणि लक्ष दिलं तर ठोक्याचा आवाज बदललेला कानाला कळतो. मी तिथे चित्र काढत नाही, प्रत्येक ठोक्याला वहीवर एक टिंब, एवढंच, पानभर टिंबं झाली की हात सैल होतो. यात काही जादू नाही, टिंबाला चूक-बरोबर नसतं, म्हणून असेल.

आजी शेवटी मंडईत जमली. महात्मा फुले मंडईत सकाळी लवकर गेले, फक्त वही आणि साधं बॉलपेन, म्हणजे अनडूचा प्रश्नच नाही. नियम एकच, नजर समोरच्या माणसावर, कागदाकडे बघायचंच नाही, डोळा जितक्या हळू सरकेल तितक्याच हळू पेन. ओल्या पोत्यांचा आणि कोथिंबिरीचा वास, मागून हमालांचं "बाजू बाजू", आणि समोर एक मावशी पाटी उतरवत होत्या, गुडघे आधी वाकले, पाठ सरळ, मग हात. तीच पाठ काढली. कागद बघितला तर नाक कानाजवळ गेलेलं, एक हात तर राहूनच गेलेला, पण पाटी जड होती हो! पुस्तकात गेली ती हीच पाठ, नाक नंतर घरी येऊन जागेवर बसवलं.

मावशी म्हणाल्या, "काय काढताय, बघू." दाखवलं. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली.

"पाठ माझीच हाय. पण येवढी जाड कुठाय मी?"

मग मेथीच्या दोन जुड्या घ्याव्या लागल्या.